पाण्याचा उंबरठा

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यालगतच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर समोर पाण्याऐवजी चिखलाचे विस्तीर्ण पटांगण दिसते. होड्या एका कुशीवर कलून त्यात रुतलेल्या असतात. पलीकडे तिवरांची हिरवी किनार, हिवाळ्यात तिच्या पुढ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे, आणि दक्षिणेकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या. धक्क्यावरच्या माणसांना घाई नसते. पाणी केव्हा परतणार, हे त्यांना ठाऊक असते.

त्यासाठी छापील तक्ते हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर एक हिशेब चालत आला आहे. चालू तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, त्यांना हा हिशेब सहज ध्यानात राहावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर साडेतीन मीटरांहून अधिक असते, म्हणजे एका मजल्याहून जास्त. हा मजला समुद्र दर साडेबारा तासांनी एकदा चढतो आणि एकदा उतरतो.

होडीला याचे दुःख नाही. ती चिखलात निजते आणि पाणी आले की उठते. परंतु पोटात हजारो टन माल घेतलेले जहाज चिखलावर टेकले, तर त्याचा कणा मोडण्याची भीती असते. मोठ्या जहाजाला तळाखाली सदैव पुरेसे पाणी हवे, आणि त्याच्या मालकाला वेळही हवा; कारण जहाज उभे राहिले तरी भाडे, पगार आणि व्याज उभे राहत नाहीत. समुद्र आपल्या वेळापत्रकाने चालतो आणि व्यापार आपल्या. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्यासाठी माणसाने जी युक्ती शोधली, तिला मराठीत जलपाश म्हणतात. व्यवहारात तिला लॉक किंवा लॉकगेट असेच म्हटले जाते. महाराष्ट्रातील या प्रकारची सर्वांत मोठी रचना ट्रॉम्बेच्या दक्षिणेस, याच बंदराच्या पाण्यात आहे. मुंबईच्या कित्येक व्यापारी घराण्यांच्या चोपड्यांत तिचा परिणाम उमटला आहे, पण तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

एक दार आणि दोन दारे

पाण्याला दार लावण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. खाडीकाठच्या खारभूमीत बांध घालून भातशेती केली जाते. त्या बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. उघाडीची फळी बाहेरच्या बाजूस उघडते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते; भरतीला खारे पाणी तीच फळी दाबून घट्ट मिटवते. उघडायला माणूस लागत नाही आणि मिटायलाही लागत नाही. मुलुंड-भांडुपपासून ट्रॉम्बेपर्यंतच्या मिठागरांत याच्या उलट व्यवहार चालत असे: उधाणाचे पाणी आत घ्यायचे, कोंडायचे आणि उन्हात आटवायचे.

एका दाराने पाणी अडवता येते. परंतु पाणी अडवले की त्या दारातून नाव जाऊ शकत नाही. कारण दाराच्या एका अंगाला पातळी उंच असते आणि दुसऱ्या अंगाला खाली. नावेला वर न्यायचे कसे? प्राचीन चीनमध्ये यासाठी दगडी उतार बांधलेले असत. दोरांनी, बैलांनी आणि माणसांच्या बळावर नावा त्या उतारावरून ओढून नेल्या जात. ह्वाय नदीला मिळणाऱ्या कालव्यावर कराचे धान्य वाहणाऱ्या नावा अशाच ओढल्या जात. ओढताना त्या फुटत, धान्य सांडे, आणि त्या गोंधळात तेथील कामकऱ्यांच्या संगनमताने धान्याची चोरी होई. इसवी सन ९८४ मध्ये च्याओ वेयुए या वाहतूक अधिकाऱ्याने यावर उपाय काढला. त्याने कालव्यात काही अंतर सोडून एकाऐवजी दोन दारे बांधली. मधल्या जागेत नाव घ्यायची, मागचे दार मिटायचे, पुढचे पाणी हळूहळू आत सोडायचे. पाण्याबरोबर नाव आपोआप उचलली जाते, आणि पातळी समान झाली की पुढचे दार उघडायचे. जगातील पहिला जलपाश म्हणून इतिहासकार ज्याचा उल्लेख करतात, तो हाच. धान्याची गळती थांबविणे हा त्याचा मूळ हेतू होता, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत मिलानच्या कालव्यांवर दारांचा आकार बदलला. दोन पाखे एकमेकांना कोनात टेकतात आणि त्यांचे टोक उंच पाण्याकडे रोखलेले असते. पाण्याचा दाब जितका अधिक, तितकी ती दोन पाखे एकमेकांवर घट्ट बसतात. या रचनेचे श्रेय लिओनार्दो दा विंची यास दिले जाते. कोकणच्या उघाडीत जे तत्त्व आहे, तेच येथे अधिक सुबक रूपात आहे.

भारतात नदी आणि कालवा यांना जोडणारे जलपाश पाहायचे असतील तर गोदावरीच्या काठाने खाली जावे लागते. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी ही नदी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे पोहोचते, तेथे आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्या बंधाऱ्यापाशी नदीतून निघणाऱ्या कालव्यांच्या मुखाशी जलपाश ठेवले. त्यामुळे कालव्याचे पाणी शेताला मिळाले आणि तांदळाच्या नावाही त्याच पाण्यातून नदी आणि काकिनाड्याचे बंदर यांच्या दरम्यान ये-जा करू लागल्या. महाराष्ट्रात मात्र असे कालवे रुजले नाहीत. दख्खनच्या नद्या खडकाळ आणि उन्हाळ्यात कोरड्या. कोकणच्या नद्या आखूड. आपल्याकडे जलपाशाची गरज पडली ती नदीच्या मुखाशी नव्हे, समुद्राच्या उंबरठ्यावर.

मचव्यांचे बंदर

मुंबईचे बंदर नैसर्गिक आहे, असे शाळेत शिकविले जाते आणि ते खरेच आहे. वादळापासून आसरा देणारे इतके प्रशस्त पाणी पश्चिम किनाऱ्यावर दुसरे क्वचितच सापडेल. परंतु आसरा असणे वेगळे आणि माल उतरवायला जागा असणे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. त्यांचा माल पडावांत आणि मचव्यांत उतरविला जाई, मचवे भरतीची वाट पाहून निरनिराळ्या बंदरांच्या धक्क्यांना लागत, आणि तेथून तो पुन्हा हमालांच्या पाठीवर चढे. एका गासडीला दोनदा हात लागे. प्रत्येक हाताबरोबर थोडी मजुरी, थोडा विलंब, थोडी भिजण्याची भीती आणि थोडी गळती ठरलेलीच असे.

हा किनाराही तेव्हा खासगी कंपन्यांच्या हाती होता. १८५८ मध्ये स्थापन झालेली एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी समुद्र हटवून जमीन करीत होती आणि धक्केही बांधीत होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात भराव घालून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे त्या काळातील सर्वांत प्रभावी जैन व्यापारी. बॅकबे भराव योजनेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील असंख्य पेढ्या बुडाल्या. त्या हादऱ्यातून न सावरलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली.

या पडझडीतून एक गोष्ट सरकारच्या ध्यानी आली. शहराचा समुद्रकिनारा सट्ट्याच्या लाटेवर सोडून चालणार नाही. सरकारने एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. दरम्यान १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता. दोन्ही बाजूंच्या समुद्रांच्या पातळ्यांत फारसा फरक नसल्याने सुएझला एकाही जलपाशाची गरज पडली नाही. जहाज सरळ आत शिरते आणि सरळ बाहेर पडते. विलायतेची वाट कित्येक आठवड्यांनी कमी झाली आणि शिडांच्या जहाजांची जागा आगबोटी घेऊ लागल्या. शिडाचे जहाज वाऱ्याची वाट पाहतच असे. आणखी चार दिवस भरतीची वाट पाहिली तर त्याचे विशेष बिघडत नसे. आगबोटीत गुंतलेले भांडवल मोठे होते आणि तिचा प्रत्येक दिवस पैशात मोजला जात होता.

म्हणून गोद्या आल्या. १८७५ मध्ये कुलाब्यास ससून डॉक झाला. १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी होऊन १ जानेवारी १८८० रोजी प्रिन्सेस डॉक सुरू झाला. तो खोदताना चिखलाखाली बुडालेले एक जंगल सापडले. खैराची झाडे मुळांसकट उभी होती. ज्या जमिनीवर कधीकाळी कात देणारे वृक्ष वाढत होते, ती समुद्राखाली गेली होती आणि आता तिथेच जहाजांसाठी पाणी कोंडले जात होते. १८८८ मध्ये शेजारी व्हिक्टोरिया डॉक झाला.

या गोद्यांनी मचव्यांचा फेरा वाचविला, परंतु भरतीचे बंधन तसेच राहिले. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास दार उघडायचे, बाहेरची जहाजे आत आणि आतली बाहेर करायची, आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी दार मिटून आतले पाणी कोंडायचे, अशी ही पद्धत होती. गोदीत जहाज सुरक्षित तरंगत राही. पण ज्याची वेळ चुकली, त्याला पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबावे लागे. भांगाच्या दिवसांत फार भरलेल्या जहाजाला उंबरठ्यावर पुरेसे पाणी मिळत नसे. मग उधाणाची प्रतीक्षा. दिवसातून जेमतेम काही तास उघडणाऱ्या दुकानाला कितीही मोठे गोदाम असले, तरी त्याचा उपयोग दाराच्या वेळेइतकाच.

शंभर फुटांचे दार

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्ट ट्रस्टने निर्णय घेतला की आता दोन दारांची गोदी बांधायची. नोव्हेंबर १९०५ मध्ये पुढे पाचवे जॉर्ज झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अलेक्झांड्रा डॉकची कोनशिला बसविण्यात आली. काम आठ वर्षांहून अधिक चालले. खोदकामातून निघालेल्या मातीदगडांचा भराव घालून शेजारी नवी जमीन तयार झाली. तीच आजची बॅलार्ड इस्टेट. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला मिळाले. ज्या इमारतींत पुढे जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि बँका यांची कार्यालये थाटली, त्या इमारती गोदीच्या पोटातून निघालेल्या मातीवर उभ्या आहेत. २१ मार्च १९१४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी गोदीचे उद्घाटन केले. स्वातंत्र्यानंतर कालांतराने तिला इंदिरा डॉक हे नाव मिळाले.

सुमारे पन्नास एकरांच्या त्या जलाशयाच्या मुखाशी जो जलपाश आहे, त्याची लांबी ७५० फूट, म्हणजे २२८.६ मीटर, आणि रुंदी १०० फूट, म्हणजे ३०.५ मीटर. त्याच्या योगे कोणत्याही वेळी, भरती असो वा ओहोटी, जहाज आत येऊ शकते किंवा बाहेर जाऊ शकते. ओहोटीच्या वेळी येणारे जहाज प्रथम बाहेरच्या दारातून जलपाशात शिरते. दोरखंडांनी त्याला दोन्ही भिंतींशी बांधले जाते. बाहेरचे दार मिटते. मग भिंतीतील मार्गांनी पाणी आत सोडले जाते. जहाज तसूतसूने वर येते. डेकवरच्या माणसाला भिंत खाली जात असल्याचा भास होतो. पातळी गोदीइतकी झाली की आतले दार उघडते.

या कामात कोणी जहाज उचलत नाही; त्याला उचलते ते पाणीच. थोडा हिशेब केला तर त्याचे प्रमाण ध्यानात येईल. जलपाशाचे क्षेत्रफळ सुमारे सात हजार चौरस मीटर आहे. म्हणजे पातळी एक मीटर वाढवायला सुमारे सत्तर लाख लिटर पाणी लागते, तीन मीटरांसाठी दोन कोटी लिटरांहून अधिक. आणि त्यातही एक शिस्त अशी की, दोन्हीकडची पातळी पूर्ण समान होईपर्यंत दार उघडता येत नाही. तीस मीटर रुंद दार आणि दहा मीटर खोल पाणी धरले, तर दोन्हीकडच्या पातळीत अवघा एक फूट फरक राहिला तरी त्या दारावर शंभर टनांच्या आसपास दाब असतो. अशा दाराशी बळाने झगडण्यात अर्थ नसतो. फरक शून्यावर आला की तेच दार निमूटपणे उघडते.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९१४ रोजी, जगाच्या दुसऱ्या टोकाला पनामा कालवा खुला झाला. त्याचे जलपाश १,००० फूट लांब आणि ११० फूट रुंद होते. जहाजांना समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच तलावावर चढवून पलीकडे उतरविणारे. मुंबई आणि पनामा यांची दारे एकाच वर्षी उघडली आणि दोहोंच्या रुंदीत केवळ दहा फुटांचा फरक होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. आणखीही एक भेद होता. मुंबईचे पाणी समुद्राचे. त्याला तोटा नाही. पनामाच्या जलपाशांत प्रत्येक जहाजामागे तलावाचे गोडे पाणी खर्च होऊन समुद्राला मिळते. २०२३ च्या अवर्षणात तलाव खालावला, तेव्हा रोज सुमारे ३६ जहाजे सोडणाऱ्या त्या कालव्याला आपली संख्या बरीच घटवावी लागली. एका देशात पाऊस पडला नाही, आणि दूरच्या देशांत मालाचे भाडे वाढले.

दाणाबंदर आणि आगीचा दिवस

गोदी सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हिंदी सैनिकांच्या तुकड्या याच बंदरातून परमुलखात रवाना होऊ लागल्या. युद्ध संपले तरी गोदीची वर्दळ कमी झाली नाही. मस्जिद बंदर, दाणाबंदर, कार्नाक बंदर या भागांत धान्य, कडधान्ये, तेलबिया, मसाले आणि सुका मेवा यांच्या पेढ्या वाढल्या. त्यांत कच्छी आणि गुजराती जैन कुटुंबांचा वाटा मोठा होता. गोदीच्या कुंपणापासून हातगाडीच्या अंतरावर दुकान असणे, ही त्या काळची सर्वांत मोलाची पागडी. जहाज आत आल्याची बातमी पेढीवर तारेच्या आधी हमालाच्या तोंडून येई.

जवळीक ही सोय असते, तसाच तो धोकाही असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. एकूण मृतांची संख्या आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितली जाते. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली आणि वखारींतील हजारो टन धान्य राख झाले. तेव्हा युद्धामुळे अन्नाची टंचाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या राखेचे मोल कळते. आगीच्या विम्यात स्फोटकांमुळे झालेली हानी बसते काय, हा प्रश्न उभा राहिला आणि नुकसानभरपाईसाठी त्याच वर्षी स्वतंत्र अध्यादेश काढावा लागला. सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने राबून ढिगारा उपसला, तेव्हा उद्ध्वस्त झालेल्या गोद्या पुन्हा वापरात आल्या.

जे त्या दारात मावले नाही

गोदीने आग सोसली, युद्धेही सोसली. तिच्यावर खरी मात केली ती जहाजांच्या वाढत्या आकाराने, आणि ती कोणताही आवाज न होता झाली.

१९०५ मध्ये शंभर फूट रुंदी ठरविणाऱ्यांची दृष्टी कमी नव्हती. त्यांच्या काळातील मोठमोठी जहाजे त्या दारात सुखाने मावत होती आणि पुढील कित्येक दशकांची तरतूद त्यांनी केली होती. परंतु जलपाश म्हणजे दगडात बसविलेला अंदाज असतो. दुकानाचे दार भिंत फोडून रुंद करता येते. जलपाशाच्या दोन्ही बाजूंना पाणी असते आणि आत जहाजे असतात, त्याला हात लावायचा तर सारा व्यवहार थांबवावा लागतो.

पहिली सूचना ट्रॉम्बेनेच दिली. १९५४ आणि १९५५ मध्ये माहुलच्या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारे कच्चे तेल घेऊन येणारी जहाजे गोदीत न्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठी बंदराच्या मध्यभागी बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, धक्के बांधले गेले आणि समुद्रतळावरून नळ टाकून तेल किनाऱ्यावर आणले गेले. ट्रॉम्बेच्या पायथ्याशी पीर पाव येथे १९२० च्या दशकापासून तेलासाठी धक्का होताच. हे सारे धक्के उघड्या पाण्यात आहेत. त्यांना दार नाही आणि उंबरठाही नाही.

त्यानंतर कंटेनर आले. जगभरच्या जहाजबांधणी कारखान्यांनी आपली जहाजे पनामाच्या ११० फुटांच्या दारात जेमतेम मावतील अशी आखली. त्यांची रुंदी सुमारे ३२ मीटर. मुंबईच्या जलपाशाची रुंदी साडेतीस मीटर. १९१४ मध्ये जो दहा फुटांचा फरक कोणाच्या गणतीत नव्हता, त्यामुळे आता जगातील एक अत्यंत रूढ जहाज मुंबईच्या गोदीत शिरूच शकत नव्हते. २६ मे १९८९ रोजी ट्रॉम्बेच्या समोरच्या काठावर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे जलपाश नाही. जहाज सरळ धक्क्याला लागते. खोली राखण्याचे काम गाळ उपसणारी यंत्रे करतात. पनामाने २०१६ मध्ये जुन्या दारांशेजारी ५५ मीटर रुंद नवी दारे बांधली. मुंबईने नवे दार बांधले नाही. व्यापारच दाराबाहेर गेला.

त्या व्यापारामागे पेढ्याही गेल्या. ठाण्याच्या खाडीवर मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा पूल १९७३ मध्ये झाला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी धान्य आणि मसाल्याचा घाऊक बाजार मस्जिद बंदरहून वाशी-तुर्भ्याला हलला. तीन-तीन पिढ्या एकाच गाळ्यात बसलेल्या कुटुंबांना खाडी ओलांडणे सोपे गेले नाही. गिऱ्हाईक येईल काय, हमाल मिळेल काय, घर घाटकोपर-मुलुंडला आणि दुकान खाडीपार, हा रोजचा प्रवास झेपेल काय, असे प्रश्न प्रत्येक घरी विचारले गेले. काहींनी पहिल्याच वर्षी गाळा घेतला. काही बंदराच्या गल्लीत राहिले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या कालांतराने भराव घालून बुजविण्यात आल्या. ज्या पाण्यासाठी जमीन खोदली होती, तेथे पुन्हा जमीन झाली. इंदिरा डॉकचा जलपाश मात्र शतक उलटून गेल्यावरही उभा आहे, आणि ज्या जहाजांना त्या दारात जागा आहे, ती त्यातून जातात.

या इतिहासातून घ्यायचे ते दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली गोष्ट जलपाशाच्या कामाची. दोन असमान पातळ्यांमध्ये वाट काढायची असेल तर आधी एक दार मिटावे लागते, मग धीर धरावा लागतो, आणि फरक उरला नाही की दुसरे दार सहज उघडते. भागीदारांच्या वादात, दोन पिढ्यांच्या मतभेदांत, घरातल्या रुसव्याफुगव्यांत ज्यांनी मध्यस्थी केली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरी गोष्ट त्याच्या रुंदीची. वाडवडिलांनी आपल्या काळाला पुरेसा आणि थोडा अधिक असा उंबरठा बांधला. ते त्यांचे कर्तव्य होते आणि त्यांनी ते चोख बजावले. तो उंबरठा पूजनीय आहे. तथापि नवे जहाज त्यात मावत नसेल, तर दोष जहाजाचा मानून चालत नाही. कोठे बसून व्यवहार करायचा, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून आता दक्षिणेस आणखी एक रेघ दिसते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावा अटल सेतू या पाण्यावरून पलीकडे जातो. त्याच्यावरून धावणाऱ्या वाहनांना भरती-ओहोटीचा पत्ताही लागत नाही. खाली तिथीप्रमाणे पाणी परतते, चिखल झाकत जाते आणि कुशीवर पडलेल्या होड्या एकेक करून सरळ होतात.